चिमणाआत्तीचा बाप्तिस्मा

चर्चच्या पाळकसाहेबांनी तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून दिले, तेव्हा संयोगिताला वाटलं, तीनच तर आहेत. ती शाळेत शिकवणारी. दहा-दहा प्रश्न फळ्यावर लिहून पोरांना घाम फोडणारी बाई तीन प्रश्नांना कशाला भिते? शाहूपुरीतल्या घरी येऊन तिनं चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि कॉटच्या कडेला मटकन बसली. एकच खरा देव आहे असा तुझा विश्वास आहे का? तू पापी आहेस हे तुला कबूल आहे का? येशू ख्रिस्ताला तू आपला तारणारा म्हणून स्वीकारतेस का? प्रश्न एकही अवघड नव्हता. अवघड होती ती ज्या बाईला ते विचारायचे ती. तिची आत्ती चिमणाबाई जन्माची बहिरी होती, आणि म्हणून मुकी. ऐंशी वर्षांत तिनं स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

"उत्तर त्यांनी स्वतः द्यायला हवं," पाळक म्हणाले होते. "त्यांच्या वतीनं तुम्ही दिलेलं पंचांना चालणार नाही."

आता एवढी घाई कशाला, तर आत्तीच्या किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी "घरी न्या, आवडेल ते खायला घाला" असं सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतकं घरात कुणी खुळं नव्हतं. संयोगिताला एकच हवं होतं. आत्तीला तिच्या भावाशेजारी, म्हणजे आप्पांशेजारी, माती द्यायची. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नियम असा, की बाप्तिस्मा झालेल्या माणसालाच मंडळीच्या कबरस्तानात जागा. नसेल झाला तर पंचगंगेचा घाट मोकळा आहेच. आणि मंडळीच्या पंच कमिटीचा चिटणीस कोण? संयोगिताचा सख्खा थोरला भाऊ विजयसिंह. सख्खा आहे म्हणून सवलत मिळेल असं ज्याला वाटेल, त्यानं विजयसिंहाला ओळखलंच नाही म्हणायचं.

आप्पा म्हणजे गणपतराव. मलकापूरच्या पलीकडच्या एका वाडीतून तरुणपणी कोल्हापुरात आले, मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर झाले आणि तिथंच ख्रिस्ती झाले. भावकीनं दार लावून घेतलं. गाव कायमचं सोडताना आप्पांनी सामान काही आणलं नाही, मुकी बहीण तेवढी आणली, कारण मागं तिला दोन घास कोण घालणार होतं? पुढं आप्पांच्या बायकोचा बाप्तिस्मा झाला, दोन्ही पोरांचा झाला. आत्तीचं मात्र "तिला समजू लागलं की बघू" असं ठरलं, आणि त्या बघण्यात पन्नासहून जास्त वर्षं गेली. दर रविवारी ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये जायची. शेवटच्या बाकावर बसायची, सगळे उठले की उठायची, गाणं सुरू झालं की ओठ हलवायची. उपासनेनंतरचा चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायची, तेवढाच काय तो तिचा आवाज.

समजू लागण्याच्या आड आणखी एक गोष्ट आली होती. मंडळीतल्या एकाच्या छापखान्यातून दर नाताळला कॅलेंडर यायचं. चित्र दरवर्षी तेच, वधस्तंभावरच्या प्रभूचं. बदलायचं ते साल. आत्ती कोल्हापुरात येऊन काही वर्षं झाली असतील, एका जानेवारीत त्या चित्रावर हळद लागलेली सापडली. ख्रिस्ती घरात देवाच्या तसबिरीला हळद! आप्पा एरवी मुंगीच्या वाटेला न जाणारे, पण त्या दिवशी त्यांनी कॅलेंडर टराटरा फाडलं आणि बहिणीच्या थोबाडीत दिली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग कॅलेंडर उंच, कपाटाच्या वर टांगायला लागले. बातमी मात्र मंडळीत गेलीच, आणि पंचांच्या वहीत कायमचं वाक्य लिहिलं गेलं, की गणपतरावांच्या बहिणीची मूर्तिपूजेची सवय सुटलेली नाही.

संयोगिता स्वतः सत्तावीस वर्षं संडे स्कूल घेत होती. दर दोन-तीन वर्षांनी एखादं आगाऊ पोर विचारायचंच, "बाई, ज्यांना येशू माहीतच न्हाई, ते कुठं जात्यात?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, की म्हणूनच आपण सगळ्यांना सांगायला पाहिजे. पोर गप्प बसायचं. आता आत्तीच्या सुजलेल्या पायांना तेल लावताना तोच प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला आणि ते उत्तर काही कामाला येईना. कबरीच्या जागेचा प्रश्न चार माणसांच्या हातात तरी होता. कबरीनंतरचं काय?

ती पाळकांकडे गेली. पाळक म्हणजे धैर्यशील, तिशीतला माणूस, शिरोळकडचा, सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेऊन आल्याला दोन वर्षं झालेली. तिनं शाळेत शिकवलेल्या पोरांच्या वयाचा, पण पाळकाला अहो-जाहोच करायचं असतं.

"सलाम, पाळकसाहेब. एक विचारायचं होतं. ज्यानं कधी ऐकलंच न्हाई, त्याचं काय होतं हो?"

धैर्यशीलनं खुर्ची पुढं ओढली. त्याला बरं वाटलेलं दिसलं, कारण मंडळीतली माणसं त्याच्याकडे बहुतेक मंडपाच्या आणि माइकच्या तक्रारी घेऊन यायची. "ह्याच्यावर आम्हाला एक अख्खा पेपर होता, बाई. काही जण म्हणतात, प्रभूचं नाव घेतल्याशिवाय दार उघडत नाही, मग ऐकलेलं असो वा नसो. काही म्हणतात, देव ज्याला जेवढा उजेड देतो तेवढ्याचाच जाब विचारतो. काहींच्या मते मरणाच्या घडीला ख्रिस्त स्वतः त्या माणसासमोर उभा राहतो. आणि काही म्हणतात, शास्त्र जिथं गप्प आहे तिथं आपणही गप्प राहावं."

"मग तुम्ही पेपरात काय लिहिलं?"

"चारी लिहिली," धैर्यशील प्रामाणिकपणे म्हणाला. "पन्नासपैकी अडतीस पडले."

एक ना धड, भाराभर चिंध्या, असं मनात म्हणत संयोगिता घरी आली. वाटेत डोकं नुसतं गरगरत होतं. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांना देव तसाही माफ करत असेल, तर मग आप्पांना सांगायला कोण कशाला आलं? न सांगता ते वाडीतच सुखात राहिले असते, वर जायचे तिथं गेलेच असते. आणि माफ करत नसेल, तर आत्तीचे कान कुणी बंद केले होते? इथपर्यंत आली की ती घाईघाईनं विचार बदलायची. शिवाय आत्तीची गत त्या चारीत कुठं बसत नव्हती. ती काही जंगलात राहिली नव्हती. तिच्यापासून चार हातांवर रोज सकाळ-संध्याकाळ शास्त्र मोठ्यानं वाचलं गेलं होतं. तिला शास्त्र भेटलं म्हणायचं की नाही भेटलं?

शेजारची लालबी दुपारी आत्तीजवळ बसायला यायची. तिला संयोगितानं सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"आमच्यात म्हणत्यात, अक्का," लालबी भाजी निवडत म्हणाली, "ज्याच्यापत्तर सांगणारा पोचलाच न्हाई, त्याला सजा न्हाई."

"अगं, पण सांगणारे पोचले हुते की. घरातच हुते. रोज सांगत हुते."

लालबीनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "मग तिला न्हाई इचारायचे. तुमास्नीच इचारतील, नीट का सांगितलं न्हाई म्हणून."

संयोगिताला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तयारी सुरू केली. आत्तीची हातांची भाषा घरातल्या घरात झालेली. मिशीला पीळ म्हणजे आप्पा. खांद्यावरून दोन वेण्या सोडल्या की संयोगिता. वेण्या जाऊन केस पांढरे झाले तरी खूण तीच. दंडाला चिमटा म्हणजे दवाखाना. हात जोडून मग बशी तोंडाला लावली की देऊळ. भूक, दुखणं, पाऊस, चोर, म्हातारपण, सगळ्याला खूण होती. देवाला नव्हती. पन्नास वर्षांत कुणाला ती लागलीच नव्हती.

संयोगितानं एक बोट वर केलं आणि छातीवर हात ठेवला. आत्तीनं वर पाहिलं, पंखा पाहिला आणि हातानं पुसल्यासारखं करून दाखवलं. पंख्यावर धूळ बसलीय. दुसऱ्या प्रश्नासाठी संयोगितानं पाप दाखवायचं ठरवलं. तिनं चोरी करून दाखवली, खोटं बोलून दाखवलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आत्ती घाबरीघुबरी झाली, उशीखालच्या किल्ल्या चाचपल्या, आणि मग संयोगिताचा गाल बराच वेळ कुरवाळत राहिली, कुणी मारलं म्हणून. संयोगिताला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. बत्तीस वर्षांची नोकरी, पण एवढी नापास ती कधी झाली नव्हती.

शनिवारी दुपारी पाळक आले. बरोबर विजयसिंह, बगलेत वही. साठीला टेकलेला, इस्त्रीचा सदरा, बसण्याआधी खुर्ची झटकणारा माणूस. लालबी उठून जायला लागली तर संयोगितानं तिला हात धरून बसवलं.

"दादा, नुसतं पाणी घालून घ्या की," ती हळूच म्हणाली. "तिला कळंना झालंय ते काय म्हणून इचारायचं."

"आज आपल्या घरासाठी नियम वाकवला, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?" विजयसिंह म्हणाला. "मला काय ती परकी हाय? पण कबुली पायजे. काहीतरी तरी पायजे."

पाळकांनी प्रार्थना केली आणि पहिला प्रश्न वाचला. संयोगितानं खुणा केल्या. आत्तीनं पंख्याकडे पाहिलं. दुसरा प्रश्न झाला. आत्तीनं तिचा गाल कुरवाळला. विजयसिंहाचं पेन वहीवर तसंच उभं होतं. तिसरा प्रश्न आला तेव्हा संयोगितापाशी खूण म्हणून काही उरलंच नव्हतं. ती उठली, बाहेरच्या खोलीत जाऊन स्टुलावर चढली, कपाटावरचं कॅलेंडर काढलं आणि आणून आत्तीच्या मांडीवर ठेवलं.

आत्ती ताठ झाली. आठवडाभर पाठ न उचललेली बाई कोपरावर रेटा देऊन उठून बसली. घशातून आँ आँ असा आवाज काढत तिनं उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहातावर घासला, पुन्हा घासला. ती खूण घरात सगळ्यांना माहीत होती. हळद.

"बघा, पाळकसाहेब," विजयसिंह म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. "शेवटपर्यंत तेच." आणि तो तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पाळकांनी संयोगिताकडे पाहिलं. संयोगितानं पाळकांकडे पाहिलं. हळद द्यावी तर मूर्तिपूजेला हातभार लावल्यासारखं, न द्यावी तर मरणाऱ्या माणसाचा हट्ट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यात लालबी कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत चिमूटभर हळद घेऊन आली.

आत्तीनं पेल्यातल्या पाण्याचे दोन थेंब वाटीत टाकले. बोटानं कालवलं. संयोगिताचे डोळे चित्रातल्या कपाळावर होते, कारण हळद तिथंच लागते. बोट कपाळाकडे गेलंच नाही. ते गेलं डाव्या तळहाताकडे, जिथं खिळा होता. तिथं आत्तीनं हळद दाबली, कडेकडेनं पसरली, आणि वाकून तिच्यावर फुंकर घातली. मग उजवा तळहात. मग पाय. बरगडीवरच्या भाल्याच्या जखमेला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रत्येक ठिकाणी ती हळद लावायची, फुंकर घालायची आणि चित्रातल्या चेहऱ्याकडे बघायची, झोंबलं तर नाही ना म्हणून.

देवाला हळद वाहताना कुणी फुंकर घालत नाही.

आत्तीनं मान वर केली, संयोगिताच्या डोळ्यांत पाहिलं आणि हनुवटी उचलून तळहात हळूहळू खाली आणला. लहानपणी गुडघा फुटला की आत्ती संयोगिताला हेच विचारायची. उतरलं का दुखणं?

संयोगिताला एकदम सगळं कळलं, आणि कळल्याचा आनंद झाला नाही, लाज वाटली. ह्या घरात पन्नास वर्षं एक माणूस रक्तबंबाळ होऊन भिंतीवर लटकला होता, आणि घरातली माणसं रोज त्याच्याखाली बसून, डोळे मिटून, निवांत उठून जेवायला जात होती. दर जानेवारीला जखमा पुन्हा ताज्या. औषधाला कुणी उठेना, आणि जी उठली तिनं मार खाल्ला.

"काय म्हणायलीय ती?" खिडकीजवळून विजयसिंहानं विचारलं. त्यानं तोंड कधी वळवलं होतं कुणास ठाऊक, पण तो बघत होता.

"विचारायलीय, बरा झाला का म्हणून."

"कोण?"

"ह्यो. प्रभू."



आत्तीनं पुन्हा तळहात खाली आणला. उत्तर पाहिजे होतं तिला. संयोगितानं मान डोलावली, व्हय. आत्तीला ते पटलं नाही. तिनं चित्रातल्या रक्तावर बोट ठेवलं. मग हे काय? आणि घरात दुसरं चित्र नव्हतं. मरणातून उठलेल्या प्रभूचं एकही चित्र त्या घरात कधी आलं नव्हतं.

तेव्हा चोपन्न वर्षांची संयोगिताबाई, गुडघ्यांची पेशंट, पाळक आणि पंचांचा चिटणीस समोर असताना उभी राहिली. तिनं दोन्ही हात आडवे पसरले, मान टाकली. मग मान उचलली, हात सोडवले, तळहात आत्तीसमोर धरून दाखवले, त्यावर बोट फिरवून दाखवलं, जखम भरली. पाय आपटून दाखवले. आणि दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, हात मोकळे सोडून ठणठणीत माणसासारखी चालत राहिली. चालता चालता तिला हसायला येत होतं आणि डोळे गळत होते. "झाला, आत्ती," ती मोठ्यानं म्हणाली, आत्तीला ऐकू येत नाही हे विसरून. "बरा झाला. कवाच झाला."

आत्तीनं एकदा चित्र पाहिलं, एकदा तिला. मग चित्रावर बोट ठेवून विचारलं, हाच? संयोगितानं मान डोलावली.

आत्तीनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. तिनं पदराला बोटं पुसली आणि कॅलेंडर संयोगिताच्या हातात परत दिलं. मग ती उशीला टेकली आणि हसली. पुढचे दात नसलेलं ते हसू बघून लालबीनं डोळ्याला पदर लावला.

"ह्याला... ह्याला कबुली म्हणायची का?" धैर्यशील स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "त्यांनी स्वीकारलं म्हणायचं का? तारण तर तो आपलं करतो. ह्या तर त्याच्याच जखमांवर... मला खरंच कळेना झालंय, बाई. चारीतलं कुठलंच इथं बसंना."

विजयसिंह खिडकीपासून कॉटपर्यंत आला. वही खुर्चीवर राहिली. "मी सात-आठ वर्षांचा हुतो," तो म्हणाला. "स्टुलावर चढून ती कायतरी करत हुती. मी पिवळं बघितलं आन् पळत जाऊन आप्पास्नी सांगितलं. कुठं लावलंय ते बघितलं न्हाई. आप्पांनी बी न्हाई." त्यानं आत्तीच्या पायांना हात लावला आणि तो तिथंच ठेवला. "पाणी घ्या, पाळकसाहेब."

"पण दादा, प्रश्नांपुढं काय लिहायचं?" पाळकांनी विचारलं.

"मला कळत न्हाई," विजयसिंह म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्यानं किती वेळा उच्चारलं असेल, बोटावर मोजावं. "कोरं ठेवा. पंचांस्नी मी सांगतो, काय बघितलं ते."

पाळकांनी पेल्यातलंच पाणी ओंजळीत घेतलं आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं आत्तीच्या डोक्यावर घातलं. गार लागल्यावर आत्ती दचकली. तिनं पदरानं आपलं कपाळ पुसून घेतलं, आणि मग पाळकांचा ओला हात धरून तोही पुसला, एकेक बोट वेगळं करून, पोराचा पुसावा तसा. बाप्तिस्मा लागला की पुसला गेला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

सगळे चहा प्यायला बाहेरच्या खोलीत गेले. संयोगिता मोरीत हळदीची वाटी घासत बसली. कबरीची जागा मिळाली होती. जे मागायला निघाली ते पदरात पडलं होतं, तरी डोकं आधीपेक्षा जास्त गोंधळलेलं होतं. आत्तीचं तारण झालं की नाही, आणि आत्तीला तारायला निघालेले आपण कोण, तिला काही सांगता आलं नसतं. सत्तावीस वर्षं दर ईस्टरला तिनं पोरांना सांगितलं होतं, तो उठला, तो जिवंत आहे. पाढे म्हणावेत तसं सांगितलं होतं. खरंच उठला का, असं काळजीनं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आज ज्या बाईला ते जिवापाड जाणून घ्यायचं होतं तिनं विचारलं, आणि संयोगिता व्हय म्हणून मोकळी झाली होती. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द होता तो. वाटी तशीच हातात धरून, नळ चालू ठेवून, तिनं आयुष्यात पहिल्यांदा न शिकवलेली प्रार्थना केली. देवा, मी आत्तीला सांगून बसलेय. आता ते खरं असू दे.